'या' म्हणजे फक्त 'आधीच' नव्हे
स्पॅनिशमधल्या 'या' (ya) ह्या शब्दाचा अर्थ 'आधीच' असा दिला जातो. तो चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं की पुढे अडायला होतं. मला 'आता' हा शब्द त्याच्या जास्त जवळचा वाटतो. 'या कोमी' म्हणजे 'झालं माझं जेवून'. तिथे 'मी आधीच जेवलो' म्हटलं की उगाच तक्रार केल्यासारखं वाटतं. 'या नो फूमो' म्हणजे 'आता मी सिगरेट ओढत नाही', अर्थात पूर्वी ओढायचो. नुसतं 'नो फूमो' म्हटलं तर हे 'पूर्वी' गळून जातं. 'अजून नाही'ला मात्र 'तोदाविया नो'. हे दोन्ही नकार जोडीनेच पाठ करा, फार गोंधळ होतो.

माझं सगळ्यात लाडकं 'या बोय'. कुणी आतून हाक मारली की आपण 'आलो, आलो!' म्हणतो ना, तेच. पण स्पॅनिशमध्ये तिथे शब्दशः 'जातो' आहे! 'येतो'साठीचं 'बेंगो' वापरायचा मोह होतोच, पण ते तिथे चालत नाही.

आणि अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या लोकांचं बोलणं ऐकलंत तर हेच 'या' तिकडे 'शा' होतं, दचकू नका.