मदत हवी आहे: जुना गेम नव्या लॅपटॉपवर उघडत नाही

मंडळी, देवगडहून लिहितोय. १९९९ सालचा 'एज ऑफ एम्पायर्स २' नव्या लॅपटॉपवर चालवायचाय. जुना कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात गेला. खाऱ्या हवेने मदरबोर्डवर हिरवट थर चढला होता. हार्डडिस्क मात्र वाचली आणि तिच्यावर आम्हा चुलतभावंडांचे सेव्ह केलेले डाव आहेत. चतुर्थीला सगळे मुंबईहून येतील, तेव्हा माजघरात बसून तेच डाव पुढे खेळायचेत. म्हणून नवी आवृत्ती नको, शिवाय एवढं मोठं डाउनलोड इथल्या रेंजवर होणारही नाही.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लावला. डिस्कच्या कडेला बुरशीचा ठिपका होता, तो मऊ कापडाने मधून कडेकडे पुसला. इन्स्टॉल नीट झालं. आयकॉनवर डबल क्लिक केलं की कर्सर दोनदा फिरतो, टास्क मॅनेजरमध्ये नाव क्षणभर दिसतं आणि गायब. एररही येत नाही.

विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी. जुन्या विंडोज एक्सपीचा कंपॅटिबिलिटी मोड, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, डायरेक्टप्ले (जुन्या गेमना लागणारा विंडोजचा भाग) चालू करणं, सगळं झालं. मला संशय सेफडिस्कचा येतो. डिस्क मूळ आहे का ते तपासणाऱ्या त्या कॉपी प्रोटेक्शनचा ड्रायव्हर विंडोज १० पासून काढलाय. ही तपासणी टाळणारी इंटरनेटवरची अनोळखी क्रॅक फाइल मात्र टाकणार नाही, याच लॅपटॉपवर आंब्याचे हिशेब आहेत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) एक्सपी टाकून कुणी हा गेम चालवलाय का? तिथे यूएसबी ड्राइव्हमधली मूळ डिस्क ओळखली जाते का? आणि जुने डाव नुसते सेव्हगेम फोल्डरमध्ये कॉपी केले की पुरेल?