घरी बसून शिकलेला वेब डेव्हलपर कच्चाच असतो का?

रामबागकर
परवा इंदूरच्या विजय नगरात वेब डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूला गेलो, बीकॉम म्हटल्यावर साहेबांनी प्रोजेक्ट उघडूनसुद्धा बघितला नाही. चार वर्षं घरी बसून वेबसाइट बनवायला लागणारं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस शिकलोय, गल्लीतल्या काकूंची दिवाळी फराळाची ऑर्डर साइट मीच केली, तीन दिवाळ्या चालली. माझं म्हणणं, वेबला डिग्री लागत नाही, कुठल्याही साइटवर एफ१२ दाबा, तिचा ब्राउझरमधला कोड समोर येतो, अर्धी शाळा तिथंच उघडते.

जुना इंजिनियर
चालली म्हणजे काय रे? सगळं बरोबर असताना कुणाचंही चालतं. काय काय बिघडलं ते सांग, मग बोलू.

रामबागकर
सांगतो ना, लपवायचं काय. पहिल्या वर्षी कुणीतरी ०.१ किलो अनारसे आणि ०.२ किलो चकली कार्टात टाकली, तर एकूण वजन आलं ०.३०००००००००००००००४ किलो! काकूंचा फोन, "अरे हे शेवटचे चार कशाचे?" मी गुपचूप जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड फंक्शन लावून दशांशानंतर दोनच आकडे ठेवले. जावास्क्रिप्टच तशी आहे, १९९५ साली ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत लिहिली म्हणतात, मग काय होणार.

जुना इंजिनियर
बघ, इथंच पकडला. यात जावास्क्रिप्टचा काही दोष नाही, पायथन आणि जावापण हेच उत्तर देतात. ०.१ संगणकाच्या बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकात, पूर्ण लिहिताच येत नाही, आपल्याला १/३ दशांशात लिहिता येत नाही तसंच. तू फक्त वर चुना फासलास, ओल आत तशीच. हेच पैशात झालं असतं तर?

सराफ्यातला भुक्कड
भिया, मी तर डिग्रीवाला. कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर प्रोग्राम पाठ करून लिहिले, हे ०.३ वालं प्रकरण नोकरीत लागल्यावर कळलं. मग कच्चा कोण?

जुना इंजिनियर
तुझ्या कॉलेजचं मी काय करू. आणि रामबागकर, गिऱ्हाइकानं भरलेला नाव-पत्ता क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकमात, सरळ प्लसनं जोडतोस का? कुणी इंग्रजीत डिसूझा लिहिताना मधे ऍपोस्ट्रॉफी टाकला की क्वेरी तिथंच तुटेल, आणि मुद्दाम टाकणारा सगळं टेबल वाचून जाईल.

रामबागकर
प्लसनं नाही, पीएचपीत डॉटनं जोडायचो :) दुसऱ्या वर्षीपासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट लावलंय, म्हणजे हुकूम वेगळा आणि नाव-पत्ता वेगळा जातो. खरं सांगू, आधी एक ऑर्डर अशीच अडकली होती, म्हणूनच शिकलो.

जुना इंजिनियर
म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकलास.

रामबागकर
तुम्ही पहिल्या नोकरीत कुणाच्या जिवावर शिकलात? असो, वजनाचं मात्र तुमचं पटलं. गंमत म्हणजे काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "किलो कशाला लिहितोस, आम्ही ग्रॅममध्येच मोजतो." मी हसलो होतो. १०० आणि २०० पूर्णांकात ठेवले असते तर चाराचा प्रश्नच नव्हता. आज रात्री कॉलम बदलतो.

जुना इंजिनियर
आधी बॅकअप घे. जुन्या ऑर्डरींना हजारनं गुणून राउंड कर, नुसतं गुणू नकोस.

सराफ्यातला भुक्कड
बाकी ते सोडा, शंभर ग्रॅम अनारसे कोण मागवतं?

रामबागकर
तुझ्यासारखेच, आधी चाखून बघणारे. सगळ्यात जास्त तेच पाकीट जातं.