बाथ रग्बी: तळातून थेट तीन करंडक. करामत प्रशिक्षकाची की मालकाच्या थैलीची?

टाइटहेड_तीन:
२०२१-२२ मध्ये प्रीमियरशिपच्या, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या रग्बी लीगच्या, १३ संघांत बाथ शेवटचा. एप्रिल २०२२ मध्ये ग्लॉस्टरने ६४-० असा धुतला. जून २०२५ मध्ये ट्विकनमला फायनलमध्ये लेस्टरवर २३-२१ ने मात आणि १९९६ नंतर पहिल्यांदा लीग जिंकली. त्याच मोसमात प्रीमियरशिप कप आणि युरोपातला चॅलेंज कपही खिशात.

माझ्या मते श्रेय प्रशिक्षक योहान व्हान ग्रानचं. बाथच्या फिन रसेलचे पास सगळ्यांना दिसतात, पण बाथ सामना काढतो तो पन्नासाव्या मिनिटानंतर, ताजी पहिली फळी (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना रेटतात त्यात, पुढे असणारे तिघे: हुकर आणि दोन प्रॉप) उतरली की. २३ जणांत पहिल्या फळीचे तीन राखीव ठेवावेच लागतात; बहुतेक संघ ते नियमापुरते ठेवतात. बाथचे राखीव प्रॉपही ताकदीचे. समोरचा थकलेला प्रॉप स्क्रममध्ये कोसळला की बाथला पेनल्टी. ती टचबाहेर (बाजूच्या रेषेपलीकडे) मारली तरी लाइनआउटचा, म्हणजे रेषेवरून दोन रांगांमध्ये बॉल फेकण्याचा, थ्रो आपलाच, की लगेच समोरच्यांच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर मॉल (बॉलवाल्याला घेरून घोळक्याने रेटणं) सुरू.

टचजज:
-१, पटत नाही. तळाला गेले तेव्हा पदावनतीच स्थगित होती, नाहीतर दुसऱ्या श्रेणीत गेले असते. मग ऑक्टोबर २०२२ ला वूस्टर क्लब पैशाअभावी बुडाला आणि त्यांचे टेड हिल, ऑली लॉरेन्स आयते मिळाले. शेजाऱ्याचा वाडा पडला, सागवानी दारं यांच्या घरी. वर मालक ब्रूस क्रेगचा पैसा.

टाइटहेड_तीन:
क्रेगने क्लब २०१० ला घेतला. पैशानेच होत असतं तर २०२५ पर्यंत कपाट रिकामं का? शिवाय पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखीच: २०२४-२५ ला मूळ ६४ लाख पाउंड, आणि ज्याचा पगार त्या मर्यादेत धरत नाहीत असा फक्त एक खेळाडू.

टचजज:
मर्यादा सारखी हो, पण तिथपर्यंत खर्च करायची ऐपत सारखी आहे का? इथे तोटा सोसणारा मालक नसला की खेळ खलास. वॉस्प्स गेला, लंडन आयरिश गेला, लीग १० संघांवर आली. कमी संघ म्हणजे मोकळे खेळाडू जास्त आणि गिऱ्हाइकं कमी.

ब्लाइंडसाइड:
दोघांनीही बचाव सोडलात राव. २०२४ ची फायनल बघा: २१व्या मिनिटाला बाथचा प्रॉप ओबानोला लाल कार्ड. प्रॉप गेला की स्क्रमसाठी दुसरा प्रॉप आणावा लागतो, त्यासाठी एखादा पळणारा गडी बाहेर बसवायचा. जवळजवळ तासभर १५ ऐवजी १४ जण, तरी नॉर्थॅम्प्टनकडून हार २५-२१ एवढीच. व्हान ग्रानने आयर्लंडच्या मन्स्टरहून बचाव प्रशिक्षक जेपी फरेराला आणलं त्याचं हे फळ.

मात्र आठ राखीवांत सहा फॉरवर्ड (स्क्रममधले रेटणारे)-दोन बॅक (मागचे पळणारे) असं बेंच मला पटत नाही. दोन बॅक दुखावले की तिसऱ्या वेळी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, फ्लँकरसारखा फॉरवर्ड धावणार, आणि समोरचा किकर त्याच्याच डोक्यावर बॉल टाकत बसणार.

टाइटहेड_तीन:
धोका आहेच. पण शेवटची वीस मिनिटं बॉल फॉरवर्डांकडेच राहिला तर विंगपर्यंत जातो कशाला?

टचजज:
२०२५ च्या उन्हाळ्यात बाथकडे अरुंडेल आणि कॅरेरास आले, दोघेही बॅक. त्यांचे पगार मर्यादेत बसवायला कात्री कुठे लागते ते बघा. राखीव प्रॉपांवर लागली तर पन्नासाव्या मिनिटाचं ते गणितच बिघडेल.