तुम्ही कोणाला फॉलो करता आणि कोणाला गुपचूप म्यूट? (अनुभव धागा)

गोदाकाठी
काल संध्याकाळी गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) गेले होते. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलेलं आणि काठावर माणसांपेक्षा मोबाइल जास्त. एक जण पुराकडे पाठ करून सांगत होता, "फ्रेंड्स, लाइक करायला विसरू नका!" एकदम २०१९ चा ऑगस्ट आठवला.

तेव्हा आई सराफ बाजारामागच्या जुन्या घरात एकटी, मी पाथर्डी फाट्याला. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलेलं. फेसबुक उघडलं तर सेल्फी, हात जोडलेल्या भाऊंचे "नाशिककरांनो काळजी घ्या" वाले बॅनर, मध्येच कुणाची तरी पावसाळी ऑफर. मला एवढंच हवं होतं की गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय आणि पाणी चढणार की उतरणार. ते मिळालं एका निवृत्त काकांच्या भिंतीवर. ना फोटो ना काही. "दुपारी १. विसर्ग वाढवलाय. खालच्या दुकानांनी माल वर घ्यावा." तासातासाला इतकंच. क्युसेक म्हणजे काय असं कोणी विचारलं तर तेही शांतपणे सांगितलं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. त्यांच्या भरवशावर आईला वेळेत बाहेर काढलं.

त्याच रात्री बसून शेकड्यांनी अनफॉलो केले. आता नवीन कोणी दिसलं की त्याच्या शेवटच्या दहा पोस्ट बघते. "मी" किती आणि बाकी जग किती. तुमचं कसं? नावं न घेता लिहा.

उतू गेलेलं दूध
नणंद. एवढ्यात कळलं ना सगळ्यांना? 😄
घरी केक करते. चांगले करते, खोटं कशाला बोलू. पण दिवसाला नऊ स्टोऱ्या आणि त्यातल्या सहा "तुमच्या प्रेमाबद्दल आभारी". म्यूट केलं. म्यूट केलेलं समोरच्याला कळत नाही म्हणतात, बरोबर आहे. पण स्टोरी कोणी कोणी पाहिली याची यादी तिला दिसते हे माझ्या ध्यानातच नाही! संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवून म्हणते, "वहिनी, हल्ली माझ्या व्ह्यूजमध्ये दिसत नाहीस गं." गोड गोड बोला म्हणे.
थांबा गॅसवर

निफाडकर
द्राक्षवाल्यांचं पण ऐका. गोडी छाटणी झाली की मोबाइल उघडायची सोय नाही. जो तो प्रगतशील शेतकरी. हिरवागार प्लॉट, वरून ड्रोनचं शूटिंग, आणि शेवटी कॅमेरा हळूच बाटलीवर. तवा कळतं की हा शेतकरी कमी अन् औषधाचा एजंट जास्त. एकाच्या नादी लागून मीबी फवारलं. पैसे गेले, डावणी रोग जागेवरच.
आता मी जो वाया गेलेला प्लॉट दाखवतो त्यालाच फॉलो करतो. दिंडोरीकडचा एक पोरगा आहे. त्याचं बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) जास्त कडक झालं, पानं करपली. दुसरा असता तर झाकून ठेवलं असतं. यानं करपलेली पानं, मोरचूद किती, चुना किती, फवारलं कधी, सगळं टाकलं. मी त्याच आठवड्यात त्याच प्रमाणानं मारणार होतो. थांबलो. त्याचे फॉलोअर विचाराल तर आमच्या गल्लीत जास्त माणसं असतील.

गोदाकाठी
दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत.

निफाडकर
सोनं कुठलं ताई, औंदा भाव बघा.

अंबडची नाइट शिफ्ट
लिंक्डइन!! "कळवताना अत्यंत आनंद होत आहे की" ... काय, तर तीन तासांचं सेफ्टी ट्रेनिंग. मी पण त्याच हॉलमध्ये होतो भो, तू मागच्या बाकावर झोपला होतास.
तिथे कनेक्शन तसंच ठेवून अनफॉलो करता येतं, मला दोन वर्षांनी कळलं. साहेबांना पण केलंय. चहा संपला, निघतो

मिसळ विथ पापड
आमच्या ऑफिसात एकीने नाशिकच्या मिसळीचे रील बघून बघून रविवारी गाडी काढली. दीड तास नंबर, आत झोपाळा, बैलगाडी, फोटोसाठी भिंत. आणि रस्सा? कोमट. तिला म्हटलं रीलवाल्याने पैसे दिले की घेतले ते आधी बघ.

उतू गेलेलं दूध
काळा रस्सा होता का लाल?

मिसळ विथ पापड
काळा म्हणे. पण पाणचट.

निफाडकर
मग काळा कसला त्यो

येवल्याची
सगळे बोललात, आता माझं ऐका. मी पैठणी विकते. हातमागावरची एक साडी व्हायला महिने लागतात आणि ती विकली नाही तर विणकराचा पुढचा ताणा कुठून येणार? दुकान नाही, मोबाइल हेच दुकान. मी रोज टाकते. मग मी पण गोंगाट का? तुमच्यातल्या किती जणींनी म्यूट केलंय मला, देवाला माहीत.

गोदाकाठी
नाही ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं. लिहिताना मी सगळे एकाच पोत्यात भरले, चुकलंच. तुम्ही साडी दाखवता, किंमत सांगता, पदर उलटा करून मागची बाजू दाखवता. ती उघड विक्री झाली. मला वैताग येतो तो "माझा प्रवास" सांगत सांगत शेवटी कोर्स विकणाऱ्यांचा. आणि पुरात बॅनर लावणाऱ्यांचा.

येवल्याची
बरं. मग किंमत "इनबॉक्समध्ये" लिहिणाऱ्यांवर पण एक धागा काढा.

उतू गेलेलं दूध
काढाच!!

धुक्यातला बगळा
एक कबुली. मीच गोंगाट होतो. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दर रविवारी जायचो. २०२० मध्ये ते रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि माझ्या अंगात आलं. रोज फोटो, खाली भलंमोठं नाव, वर "माझ्या लेन्समधून". एका मॅडमनी खाली लिहिलं, "तुमचं नाव दिसलं. पक्षी कुठाय?"
दोन दिवस राग होता. मग त्यांचंच खातं वाचत बसलो. फोटो जवळपास नाहीतच. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, कोणते पक्षी किती. एका दिवशी नुसतं "धुकं. आवाजावरून चक्रवाक, आकडा नाही." आता जायच्या आदल्या रात्री मी फक्त तेवढंच उघडतो. नाव अजून टाकतो, पण कोपऱ्यात.

कॉलेज रोड
मी ट्विटरवर (एक्स म्हणवत नाही) एक खाजगी यादी केलीये, २३ जण. खाजगी असली की त्यांना कळतही नाही. फॉलो हजारभर आहेत, ते लोकलज्जेसाठी. वाचतो फक्त यादी. आत्तापासूनच २०२७ च्या सिंहस्थाचे एवढे तज्ज्ञ उगवलेत की यादी नसती तर वेड लागलं असतं.

अंबडची नाइट शिफ्ट
परत आलो. साहेबांनी आत्ता ग्रुपवर विचारलं, माझी पोस्ट कोणी कोणी वाचली 💀

मिसळ विथ पापड
अंगठा टाक आणि पळ

येवल्याची
गोदाकाठी, त्या पूरवाल्या काकांचं खातं द्या ना. आमच्या आत्या पंचवटीत राहतात, पाणी अजून चढतंय म्हणे.

गोदाकाठी
त्यांना विचारून देते, गर्दी आवडत नाही त्यांना. तोवर त्यांचं सकाळचं चिकटवते: "८ वाजता. विसर्ग कमी केला. संध्याकाळपर्यंत उतरेल." आत्यांना सांगा.

येवल्याची
सांगितलं. त्या म्हणतात मोटर मात्र वरच राहू दे.

निफाडकर
बरोबर आहे त्यांचं