दोष पॉवर पॅकचा नाही
मॉडेल रेल्वेच्या टोकाच्या वळणावर गाडी मंदावते म्हणून मोठा पॉवर पॅक (रुळांना वीज पुरवणारा डबा) घ्या, असा सल्ला इथे कुणी दिलाय तो पटत नाही. व्होल्टेज पडतं ते रुळांच्या जॉइनरमध्ये, म्हणजे रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्यांत. खडी चिकटवताना पातळ गोंद त्यांत झिरपतो आणि वाळला की संपर्क जातो. म्हणून आधी वायरिंग, मग खडी. टेबलाखालून १.५ चौ.मिमी.ची दोन रंगांच्या तारांची मुख्य जोडी न्या. दर मीटरला तिच्यापासून दोन्ही रुळांना बारीक तार सोल्डर करा, तीही बाहेरच्या अंगाने. आत केलं तर चाकाची कड आपटते. एन स्केलचे (अगदी लहान आकाराच्या मॉडेलचे) रुळांखालचे प्लॅस्टिक स्लीपर लगेच वितळतात, तेव्हा दोन्हीकडे ओला कापूस ठेवून सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा.

खडी चिकटवायला गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर मिश्रण खडीवर मण्यांसारखं लोळत राहतं. पॉइंटच्या (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याच्या) हलत्या पट्ट्यांपाशी मात्र थेंबही नको.