आईची शुगर, मेथीचं पाणी आणि गोळ्या – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. आईला (वय ६२) शुगर हाय, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून महिनाभर ती रात्री भिजवलेली चमचाभर मेथी पाण्यासकट उपाशीपोटी घेऊलालीय, वर चहात दालचिनीची पूड, आणि मग भूक नाही म्हणून नाश्ता लांबवते. उपाशीपोटीची शुगर १६० वरून १३० वर आली खरी, पण सोमवारी अकराच्या सुमारास हात थरथरून दरदरून घाम सुटला, मशीनवर बघतोय तर ६२! गूळपाणी दिलं तेव्हा सावरली.

मेथीतल्या फायबरमुळं साखर रक्तात सावकाश चढते एवढं माहितीय, पण गोळीवर ती घेतली की शुगर जास्तच उतरते काय? आणि बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅशिया जातीची असते, त्यात कुमारिन नावाचा घटक असतो, तो रोज जास्त पोटात गेला तर लिव्हरला त्रास. गोळ्या बंद केलेल्या नाहीत, डॉक्टर गुरुवारी भेटणार, तोवर मेथी थांबवली तर आई रुसून बसलीय.

कुणाच्या घरी गोळ्यांसोबत मेथी चालू असेल तर किती, कधी घेता, डॉक्टरांनी डोस बदलला काय? फोडणीतली मेथी चालतेय न्हवं? कारल्याच्या रसाचं कृपया आता कुणी सांगू नका 🙏