विषय: भारतीय लायसन्स, सहा महिने आणि गणपतीचं सामान

नमस्कार मंडळी,

आम्ही 10 फेब्रुवारीला पुण्याहून म्युनिकला राहायला आलो. जुलैत भाड्याने गाडी घेतली होती, त्याचं पत्र काल आलं: ताशी 30 किलोमीटरच्या झोनमध्ये वेग 41, दंड 50 युरो. फोटोत माझा चेहरा स्पष्ट, शेजारी बसलेल्या ह्यांचा मात्र काळा केलेला. भरून टाकू का?

दुसरं, या शनिवारी मखर आणि मोठी पातेली आणायला मंडळातल्या एका काकांनी त्यांची गाडी देऊ केली आहे. माझं लायसन्स 2037 पर्यंत चालू आहे, जर्मन भाषांतरही जवळ आहे. चालेल ना?

— नवी सभासद

---

ताई, नमस्कार.

दंड आठवड्याच्या आत भरून मोकळ्या व्हा. मोजणीतल्या चुकीसाठी 3 किलोमीटर आधीच वजा करून 41 धरलेत. वस्तीत 11 ते 15 ने वेग जास्त असला की 50 युरो, नावावर दंडाचा पॉइंट नाही. पॉइंट 21 पासून लागतो. गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे लावेल, तेवढी तयारी ठेवा.

काकांची गाडी मात्र कृपा करून घेऊ नका. इथे राहायला आल्यापासून भारतीय लायसन्स सहाच महिने चालतं, ते तुमचे 10 ऑगस्टला संपले. कार्डावर 2037 असलं तरी इथे राहणाऱ्याला त्यावर आता गाडी चालवता येत नाही आणि भाषांतरानेही मुदत वाढत नाही. मध्ये भारतात जाऊन आलात तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. यापुढे चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो थेट फौजदारी गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा आर्थिक शिक्षा. शिवाय ज्याने गाडी चालवू दिली तो मालकही त्याच कलमात अडकतो. म्हणून हे काकांनाही उद्देशून लिहितोय. दरवर्षी कुणीतरी ‘दहा मिनिटांचं तर अंतर’ म्हणतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

जर्मन लायसन्सचा अर्ज लगेच करा. भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स आधी उरका. थिअरी इंग्रजीत देता येते. ठरावीक तासांची सक्ती नाही, पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच होते, आणि चार तास तरी जरूर घ्या. मी पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवून पहिल्या खेपेला नापास झालो. पाटी नसलेला चौक, उजवीकडच्या बोळातून एक सायकलवाल्या बाई येत होत्या. माझा रस्ता रुंद, म्हणून मी सरळ निघालो. शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी ब्रेक दाबला. इथे पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती सायकल का असेना.

— जुना सभासद

---

दादा, मनापासून आभार. काकांना फोन करून नको म्हटलं, त्यांनाही हे माहीत नव्हतं. डोळ्यांच्या तपासणीची वेळ सोमवारची मिळाली. आता मखराचं तेवढं सांगा, ट्रॅममध्ये मावणार नाही.

---

शनिवारी सकाळी नऊला मी गाडी घेऊन येतो. पातेली खाली आणून ठेवा.